खिदमतीचे देणे

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बार्शीतल्या आमच्या मोहल्ल्यात इशाच्या नमाजनंतर एक बैठक बसली. वस्तीसाठी वर्षानुवर्षे राबलेल्या माणसांचा जाहीर सत्कार करावा, असा विषय होता. बार्शीत सत्कारांची वाण नाही. परंतु या वेळी यादीत एकाही पुढाऱ्याचे नाव नव्हते, हे पाहून बरे वाटले. मशिदीत पाच वेळची अजान देणारे, कब्रस्तानात कबरी खणणारा, रमजानमध्ये सहरीसाठी गल्लोगल्ली हाका देत फिरणारे दोघे भाऊ, गरीब मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे गुपचूप भरणारा एक किराणा दुकानदार अशी ती नावे होती. सगळ्यांत वर नाव होते मय्यतला गुसल देणाऱ्या चाचांचे. चाळीस वर्षांत या वस्तीतला जो जो पुरुष अल्लाहला प्यारा झाला, त्याच्या अंगावरून शेवटचे पाणी बहुधा यांच्याच हातून गेले.

मी निवृत्त शिक्षक. मानपत्र लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. चाचांची थोडी माहिती हवी म्हणून दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. काम कधी सुरू केले, कोणाकडून शिकलात, आजवर किती जणांना गुसल दिला, असे प्रश्न मी काढून नेले होते. चाचांनी चहा मागवला, प्रश्न ऐकून घेतले आणि म्हणाले, “मैं गिन्या नहीं बेटा. जिसके वास्ते किया, वो गिनता.”

मी सत्काराचे सांगितले. ते हसले. “मेरेकू शाल नक्को. हातां कापतैं अब. पानी ज्यादा गिर जाता. एक-दो छोकरे देव, सिखाता मैं उनकू.” मग जरा थांबून त्यांनीच मला विचारले, “और बायकांचा गुसल देनेवाली खाला? उनका नाम हय क्या तुमारे कागद में?”

नव्हते. आमच्या यादीत एकाही बाईचे नाव नव्हते. बैठकीत पंचवीस-तीस माणसे होती, पण आपापल्या आईला, बहिणीला, बायकोला शेवटचे न्हाऊ कोणी घातले हे एकालाही आठवले नव्हते. मी वही मिटून घरी आलो. मानपत्र लिहून झाले नाही. त्याऐवजी जो विचार सुरू झाला, तो वाचकांपुढे ठेवतो आहे.

प्रश्न साधा दिसतो. निरपेक्ष सेवा करणाऱ्याचा जाहीर सन्मान करावा की करू नये? दीनदार माणूस चटकन उत्तर देतो की करू नये. प्रत्येक कृत्याचे मोल नियतीवर, म्हणजे मनातल्या हेतूवर ठरते, ही आपली पहिली शिकवण. लोकांनी पाहावे म्हणून केलेले काम म्हणजे रिया, आणि रियाने मोठ्यात मोठ्या कृत्याचेही मातेरे होते. कयामतच्या दिवशी ज्या सात प्रकारच्या माणसांना अल्लाहची सावली लाभेल त्यांत, उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू न देणारा आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग ज्याने चाळीस वर्षे आपले काम झाकून ठेवले त्याला मंचावर बसवून, ध्वनिक्षेपकावरून त्याची स्तुती करून आपण त्याचे भले करतो की त्याची कमाई उधळतो? चाचांचा नकार म्हणजे नुसता विनय नव्हता. त्यांना आपला हिशेब चोख ठेवायचा होता.

पण हेच उत्तर पुरेसे मानले तर एक मोठी सोय होते, आणि ती सोय मला अस्वस्थ करते. अजान देणाऱ्या माणसाला आपण महिन्याला काय देतो, हे अनेक गावांतल्या कमिट्यांनी स्वतःला विचारून पाहावे. त्याच्या मुलीचे लग्न निघाले, त्याला दवाखान्यात न्यावे लागले, की आपण मोठ्या श्रद्धेने म्हणतो, “अल्लाह त्यांना अजर देईल.” देईलच. त्यात शंका नाही. परंतु अल्लाहच्या खजिन्यातून मिळणाऱ्या मोबदल्याचे नाव पुढे करून आपल्या खिशातले देणे बुडवायचे, ही दीनदारी कसली? दुसऱ्याच्या इखलासवर आपली कृतघ्नता पोसण्याचा हा प्रकार आहे.

कुरआनच्या सूरह बकराने दानाविषयी बोलताना दोन्ही वाटा मान्य केल्या आहेत. उघड दिले तरी ते चांगलेच, आणि झाकून गरिबाला पोचवले तर ते अधिक चांगले. म्हणजे उघडपणाला बंदी नाही. दुसरीकडे, जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशा आशयाची हदीसही आपल्या वाचनात आहे. वरवर पाहता ही दोन टोके एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. एक म्हणते झाका, दुसरे म्हणते आभार माना. मला वाटते, हा विरोध आपण दोन वेगळ्या माणसांची कर्तव्ये एकाच माणसावर लादतो म्हणून दिसतो. झाकणे हे करणाऱ्याचे कर्तव्य आहे. पाहणे हे ज्यांच्यासाठी केले त्यांचे कर्तव्य आहे. त्याने झाकले म्हणून आपल्याला डोळे मिटायची परवानगी मिळत नाही. उलट तो जितका झाकेल, तितके आपल्याला अधिक लक्ष देऊन पाहिले पाहिजे.

इथे मला मदीनेतल्या त्या बाईची आठवण येते. हदीसच्या ग्रंथांत तिचा प्रसंग आला आहे. वर्णाने काळी, गरीब, मस्जिद-ए-नबवी झाडणारी. काही ठिकाणी तिचे नाव उम्मे मिहजन असे सांगितले आहे. बऱ्याच ठिकाणी नावही नाही. एके रात्री ती वारली. सहाबांनी तिला दफन केले. रात्रीची वेळ, एक झाडूवाली बाई, एवढ्यासाठी पैगंबरांना का उठवायचे, असे त्यांना वाटले. त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता; तुम्हांआम्हांला वाटते तसेच त्यांना वाटले. पुढे ती दिसेना तेव्हा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी तिच्याविषयी विचारले. ती गेल्याचे कळले तेव्हा, मला का सांगितले नाही, असे त्यांनी विचारले. मग तिची कबर दाखवायला लावली, तिथे गेले आणि तिच्यासाठी जनाजाची नमाज पढले.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला होता. वर्गात मुलांना सांगितलाही होता. गरिबांचा मान राखा, एवढाच बोध त्यातून काढून मी पुढे जात असे. चाचांच्या घरून परतल्यावर त्यातली एक साधी गोष्ट प्रथमच ध्यानात आली. त्या बाईचा सन्मान सुरू होतो तो एका चौकशीपासून. ती दिसत नाही, कुठे आहे? ज्याला एखादी व्यक्ती नसल्याचे जाणवते, त्याने ती असताना तिला पाहिलेले असते. तिच्या हयातीत रोज तिच्या कामाकडे कोणाचे तरी लक्ष होते, याचा तो पुरावा आहे. आमच्या सत्काराच्या यादीने नेमकी हीच परीक्षा घेतली आणि त्यात आम्ही नापास झालो. आम्हाला खाला दिसत नव्हत्या, आणि दिसत नाहीत हेही जाणवत नव्हते.

आता गुसलचेच पाहा. मय्यतला न्हाऊ घालणे, कफन देणे, नमाज पढणे आणि दफन करणे ही कामे फर्ज-ए-किफाया आहेत. म्हणजे ते फर्ज साऱ्या वस्तीवर आहे. काहींनी केले तर सगळे सुटले. कोणीच केले नाही तर सगळे गुन्हेगार. ही संज्ञा आपण मकतबात पाठ करतो, पण तिचा हिशेब कधी मांडत नाही. चाळीस वर्षे चाचांनी जे केले ते त्यांचे एकट्याचे पुण्यकर्म नव्हते. ते माझे, तुमचे, सगळ्या मोहल्ल्याचे फर्ज होते, आणि ते आमच्या वतीने त्यांनी फेडले. तेव्हा आपण त्यांचे आभार मानतो ते वरच्या पायरीवर उभे राहून दिलेले बक्षीस नव्हे. ते कर्जदाराचे बोलणे आहे. आणि कर्जदाराने सावकाराला शाल पांघरून हिशेब मिटला असे समजू नये.

हे लिहिताना मला स्वतःचे एक सांगितलेच पाहिजे. माझे अब्बा २००३ साली गेले. गुसल देण्याचा पहिला हक्क जवळच्या नातेवाइकांचा, मुलांचा. मी मुलगा, घरात शिकलेला, चारचौघांत नमाज-रोज्यावर बोलणारा. चाचांनी आतून पडद्याआडून हाक दिली, “आव बेटा, पानी डालो.” मी गेलो नाही. अंगणात खुर्चीवर बसून राहिलो. दुःखाने पाय उचलले नाहीत असे लोकांना वाटले. मीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. खरे म्हणजे मला भीती वाटली होती. चाचांनी त्या दिवशी माझे काम केले, अब्बांच्या डोळ्यांवरून हात फिरवला, आणि त्यानंतर एकदाही त्याचा उल्लेख केला नाही. वीस वर्षांनी मी त्यांच्या घरी वही घेऊन गेलो आणि विचारले, आजवर किती?

आपल्या महाराष्ट्रात सत्काराची एक रीत बसून गेली आहे. शाल, श्रीफळ, फेटा, पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह. ज्याचा सत्कार त्याला कोपऱ्यातली खुर्ची, आणि मधल्या खुर्चीवर ज्याच्या हस्ते सत्कार तो. छायाचित्रात शालीपेक्षा शाल देणाऱ्याचा चेहरा मोठा येतो. यात नुसता ढोंगीपणा आहे असे मी म्हणणार नाही. आयुष्यभर मान खाली घालून काम केलेल्या माणसाला एका संध्याकाळी लोकांनी उभे राहून टाळ्या दिल्या तर त्याच्या घरच्यांचे डोळे भरून येतात, ते मी पाहिले आहे. ते खरे असते. पण सत्कार कोणासाठी चालला आहे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

आपल्या समाजाच्या बाबतीत तर त्यात आणखी एक गुंता आहे. शाहीर अमर शेख हे बार्शीचे. जन्म २० ऑक्टोबर १९१६, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांच्या बरोबरीने त्यांचा आवाज गावोगाव घुमला. १९६९ साली ते गेले. त्यांचे नाव आपण केव्हा काढतो? आमच्या मराठीपणावर कोणी शंका घेतली की आम्ही चटकन म्हणतो, अमर शेख आमचेच. ते म्हणणे खोटे नाही. पण शाहिराची आठवण आणि आपल्या नागरिकत्वाचा दाखला या दोन गोष्टी आपण एकात मिसळल्या आहेत. ज्या कष्टकऱ्यांसाठी त्यांनी गळा झिजवला त्यांचे आज काय चालले आहे, याची चौकशी करणे हा त्यांचा सन्मान. दाखल्यासारखे त्यांचे नाव खिशात बाळगणे हा आपला उपयोग.

२०२० च्या कोरोना साथीतही हेच झाले. पुण्यात मूलनिवासी मुस्लिम मंचाचे, अकोल्यात कच्छी मेमन जमातीचे कार्यकर्ते, ज्यांना हात लावायला घरचेही भीत होते अशा मृतांना ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे निरोप देत होते. हिंदूंना अग्नी, मुसलमानांना माती. ते काम करणाऱ्यांच्या मनात त्या क्षणी दाखल्याचा विचार असेल असे मला वाटत नाही. तिथे प्रेत होते, आणि ते उचलणारे कोणी नव्हते. परंतु आपण लांबून पाहणाऱ्यांनी त्यांची छायाचित्रे हातोहात पुढे पाठवली ती बहुतेक, बघा आम्ही कसे आहोत, हे सांगण्यासाठी. त्या काळात आपल्यावर जे आरोप होत होते ते पाहता हे समजण्यासारखे आहे. तरीही मनाला विचारावे की त्या मुलांपैकी किती जणांची, साथ ओसरल्यावर, आपण विचारपूस केली? कोणाला झोप लागते का, कोणाची नोकरी गेली का, एवढे तरी?

याउलट एका चौकशीने माणूस कसा जिवंत राहतो त्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. फातिमा शेख यांच्याविषयी आपण आज अभिमानाने बोलतो. त्यांच्याविषयीची लेखी साधने मात्र फार थोडी आहेत, आणि त्यावरून अलीकडे वादही झाले. जे हाती आहे त्यात सावित्रीबाई फुले यांचे १८५६ सालचे एक पत्र मोलाचे आहे. आजारपणामुळे माहेरी नायगावला असताना त्यांनी ते जोतीरावांना लिहिले. त्यात फातिमाचा उल्लेख येतो तो असा की, आपण नसल्यामुळे तिच्यावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. हे मानपत्र नाही. आजारी बाईला दूर गावी पडल्या पडल्या आपल्या सोबतिणीची वाटलेली काळजी आहे. ही काळजी कोणी कागदावर उतरवली नसती तर फातिमा शेख यांचे नावही त्या बाईच्या झाडूसारखे कुठल्या कुठे गेले असते.

बार्शीच्या मातीत याच चौकशीचे एक मोठे काम झाले आहे, आणि ते आपल्या लोकांना फारसे ठाऊक नाही. आगळगाव रस्त्यावरचे कर्करोग रुग्णालय आपण सगळे जाणतो. नर्गिस दत्त यांच्या नावाचे हे रुग्णालय डॉ. बी. एम. नेने यांनी खेड्यातल्या माणसांसाठी उभे केले. १९८७ साली इथे ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणी म्हणजे काय? रोगी दवाखान्यात येईल तेव्हा येईल, अशी वाट न पाहता कार्यकर्त्यांनी गावोगाव जायचे, पारावर माणसे जमवून बोलायचे, कोणाला गाठ आहे, कोणाला रक्त जाते, गेल्या महिन्यात कोण वारले आणि कशाने, हे विचारायचे. बार्शीबरोबर परांडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांत हे चालू झाले. कोण दिसत नाही, कुठे आहे, हाच प्रश्न हातात वही घेऊन वर्षानुवर्षे विचारला गेला.

पुढे याच रुग्णालयाच्या लोकांनी टाटा मेमोरियल रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. २००९ साली त्याचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही विषाणूची एकदा तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेसाठी ज्यांची अशी तपासणी केली नव्हती, ज्यांना नेहमीचीच आरोग्यसेवा मिळत होती, त्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. या दोन आकड्यांतल्या फरकामुळे एका तपासणीने किती जीव वाचतात ते जगाला कळले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच तपासणी पहिल्या पसंतीची म्हणून सुचवली.

डॉक्टरांचा गौरव झाला, तो योग्यच होता. पण त्या ६४ जणींचा सत्कार कोणी, कुठे करायचा? त्यांनी काही दिले आहे, हे त्यांनाही माहीत नसावे. तुलनेसाठी असा गट ठेवावा की नाही यावर पुढे नैतिक चर्चाही झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मला एवढेच म्हणायचे आहे की, आज जगात कुठल्याही गावात एखादी बाई या तपासणीने वाचते, तेव्हा तिच्यावर मराठवाड्याच्या खेड्यांतल्या या बायांचे ऋण असते. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांना शाल देता येत नाही. मग फेड कशी करायची? आपल्या घरातल्या, मोहल्ल्यातल्या बायकांना लाज आणि आळस बाजूला ठेवून तपासणीला पाठवणे, हीच त्यांची फेड. ज्यांचे आभार पोचवता येत नाहीत, त्यांचे काम पुढे न्यावे लागते.

सरकारी सन्मानांचीही दोन उदाहरणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. अयोध्येचे मोहम्मद शरीफ सायकली दुरुस्त करत. १९९२ साली त्यांचा तरुण मुलगा परगावी मारला गेला आणि त्याचे प्रेत बेवारस ठरले. तेव्हापासून त्यांनी हजारो बेवारस प्रेतांना, हिंदू असो की मुसलमान, सन्मानाने निरोप दिला. २०२० च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोरोनामुळे समारंभ लांबला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत बातमी आली की, शरीफचाचा अंथरुणाला खिळले आहेत, औषधपाण्याला पैसा नाही. पदक मिळाले त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये. पदकाची घोषणा आणि आजारी माणसाची विचारपूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कसे होणार?

त्याच नोव्हेंबरमध्ये मंगळूरजवळच्या हरेकळा गावचे हजब्बा अनवाणी जाऊन पद्मश्री घेऊन आले. टोपलीतून संत्री विकणारा हा निरक्षर माणूस. परदेशी गिऱ्हाइकाने इंग्रजीत भाव विचारला आणि त्यांना उत्तर देता आले नाही. आपल्या गावच्या मुलांवर ही पाळी येऊ नये म्हणून त्यांनी पै पै जमवून शाळेसाठी खटपट केली, आणि २००० साली ती २८ मुलांनिशी सुरू झाली. त्यांना पुढे पुरस्कार मिळत गेले, आणि पुरस्काराचा पैसा शाळेत जात गेला. त्यांनी सन्मान नाकारला नाही आणि तो अंगावर पांघरूनही घेतला नाही. चाचांसारखा नाकारणारा आणि हजब्बांसारखा स्वीकारणारा, दोघांची दिशा एकच आहे. दोघांनाही वाटते की, माझ्याकडे पाहू नका, कामाकडे पाहा.

मग मानाची पदवी कोणती? बार्शीकरांना हे सांगायला नको. १९३४ साली इथे शिक्षणसंस्था काढून खेड्यापाड्यांतल्या मुलांना शिकवणारे जगदाळे यांना लोकांनी ‘कर्मवीर’ म्हटले. पण तोंडी राहिले ते ‘मामा’. आमच्या चाचांचे पाळण्यातले नाव वस्तीतल्या निम्म्या मुलांना ठाऊक नाही. ते सगळ्यांचे चाचा. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या इनुइट लोकांत अशी रीत आहे की, वस्तीतले आदराचे माणूस गेले की त्याचे नाव नव्या जन्मलेल्या बाळाला देतात, आणि मग त्या बाळाला गेलेल्या माणसाच्या नात्यानेच हाक मारतात. आजीही आपल्या नातवंडाला ‘आई’ म्हणू शकते. आपल्याकडेही आजोबांचे नाव नातवाला ठेवतातच. नाव उचलले की नाते उचलावे लागते, आणि नाते उचलले की त्यातले कामही. चाचांनी दोन पोरे मागितली ती याच अर्थाने.

बैठकीत मी हे सगळे सांगितले नाही. मला इतके बोलता आले नसते. चाचा काय म्हणाले तेवढे सांगितले. थोडी शांतता झाली. मग सत्कार रद्द न करता त्याची रीत बदलायचे ठरले. शाली-नारळांचा खर्च वजा करून ती रक्कम अजान देणाऱ्यांच्या पगारात दरमहा वाढ म्हणून घातली. थोडी आहे, पण कायमची आहे. खालांना विचारायला बायकाच गेल्या. खालांनी सत्काराला हो म्हटले. त्यांना चाचांसारखा संकोच नव्हता. म्हणाल्या, “माझ्या नातीला दिसू दे, तिच्या दादीने काय केलं ते.” मला ते फार आवडले. नातीने ते पाहिले आणि आता ती दादीबरोबर जाते. सन्मान नको म्हणणारा आणि हवा म्हणणारी, दोघांनाही आपण आपल्या तराजूने तोलू नये.

चाचांकडे तिघे शिकायला गेले. दोन तरुण, आणि तिसरा मी. कोमट पाणी, बोरीची पाने, कापूर, झाकण्याची चादर, सगळे ओळीने मांडून चाचा कट्ट्यावर बसले होते. माझ्या हातात बधना दिला. समोर तख्त्यावर नुसती गुंडाळलेली चटई होती, तरी माझा हात थरथरला आणि पाणी भसकन पडले. चाचा म्हणाले, “आहिस्ता बेटा. उसकू लगता, ऐसा समझके डालो.”

मानपत्राची ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर प्रश्न आहेत, खाली जागा कोरी आहे. या लेखात चाचांचे नाव कुठेही आलेले नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. छापणार असाल तर माझे नाव नको, अशी त्यांची अट होती. ती मी पाळली आहे. मात्र फजरला ते पहिल्या सफमध्ये दिसले नाहीत की नमाजनंतर घरी न जाता आधी त्यांच्या दारावर थाप द्यायची, एवढे आम्ही तिघांनी आपसांत ठरवून ठेवले आहे.